धूर फवारणी की कोरडा दिवस?

गावात डेंग्यूचे तीन रुग्ण निघाले आणि ग्रामपंचायतीत वाद पेटला: धुराचं यंत्र आणायचं की आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळून घरोघरी पाण्याची भांडी तपासायची? मामा सदस्य आहेत, त्यांनी मला विचारलं.

परिणाम पाहा. धूर फक्त उडते डास मारतो. पाण्यातल्या अळ्या तशाच. अळीचा डास व्हायला आठवडाभर पुरतो, की नवी पलटण हजर. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो. आणि धूर आला की आपण आधी खिडक्या लावतो! कोरड्या दिवशी रांजण, टाकी, कूलर रिकामे करून घासायचे. घासायचेच, कारण अंडी कडेला चिकटतात आणि पाण्याविनाही महिनोन्महिने टिकतात.

खर्च धुराचा जास्त: औषध, डिझेल, माणूस. इकडे आशाताई, थोडं टेमिफॉस (पाण्यातल्या अळ्या मारायचं औषध), अळ्या खाणारे गप्पी मासे.

कष्ट मात्र इकडेच. दर आठवड्याला दारं वाजवायची, आणि चार दिवसांनी नळ येतो तिथे भरलेला पिंप ओता म्हणायची सोय नाही. घट्ट कापड बांधा.

रुग्णाच्या घरी नि आजूबाजूला लगेच धूर मारा, घराच्या आतही. बाकी गावाला पावसाळाभर कोरडा दिवसच.