तयार ड्रॅगेनडॉर्फ फवारा: निवडुंगातल्या अल्कलॉइडसाठी कितपत कामाचा?

ड्रॅगेनडॉर्फ म्हणजे अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजन असलेली, बहुधा अल्कधर्मी द्रव्यं) रंगाने दाखवणारं बिस्मथचं द्रावण. 100 मिलीची गडद बाटली, वर फवाऱ्याचा पंप. बडोद्यात केमिकलवाल्याकडे मागणी नोंदवली की मिळते. फवारा बारीक पडतो आणि टीएलसी प्लेटवर (अर्कातले घटक वेगळे करणारी, सिलिकाचा थर दिलेली पट्टी) नारिंगी ठिपके झटकन उठतात. पण हे द्रावण फक्त ‘इथे अल्कलॉइड असावं’ एवढंच सांगतं. कोणतं, ते नाही. बाटलीवर ‘ओळख’ असं छापलंय, ते जरा जास्तच झालं.

त्याआधी झाडाची खात्री करा. आपण त्रिधारीलाही निवडुंगच म्हणतो, पण ते युफोर्बिया. खुडलं की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस.

कॅक्टसचा खरा त्रास म्हणजे बुळबुळीतपणा. ताज्या गराचा अर्क गाळणकागदात अडकतो आणि प्लेटवर ठिपक्याऐवजी फराटा येतो. फोड वाळवून पूड करा. सिलिका आम्लधर्मी असल्याने चालद्रावणात (प्लेटवर घटक वर वाहून नेणारं द्रावण) थोडा अमोनिया हवाच, नाहीतर ठिपक्यांना शेपट्या फुटतात. मात्र फवारण्याआधी तो पूर्ण उडवा. राहिला तर रंग फिका पडतो.

कॅक्टसमधली टायरामीनसारखी प्राथमिक अमाइन्स (नायट्रोजनला एकच कार्बन गट जोडलेली संयुगं) ड्रॅगेनडॉर्फला धड दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी दुसऱ्या प्लेटवर निनहायड्रिन (अशा अमाइन्सना रंग देणारं द्रव्य) मारून 105 अंशांवर तापवा. कॅक्टसमधलंच हॉर्डेनिन तृतीयक अमाइन (नायट्रोजनला तीन कार्बन गट), ते नारिंगी दिसतं. तुलनेला चहा घेऊ नका, कॅफिन इथे फसवतं. मोड आलेल्या जवाच्या मुळ्या घ्या. हॉर्डेनिनला नावच जवाच्या हॉर्डियमवरून मिळालंय. शेजारी शेजारी चालवून ठिपके एका उंचीवर आले तरी तो पुरावा नव्हे, फक्त संशय. नाव द्यायचं तर एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं रेणुवजन मोजणारं यंत्र) लागतं. मेस्कालिनच्या (काही कॅक्टसमधलं भ्रम निर्माण करणारं अल्कलॉइड) वाटेला जाऊ नका, ते 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं.

पंपाची तक्रार मात्र खरी आहे. नळाच्या पाण्याने धुतला की बिस्मथचा पांढरा साका बसतो आणि तोंड बंद होतं. सौम्य ॲसिटिक ॲसिडने धुवा.

रोज लागणार असेल तर घरचंच बरं: 0.85 ग्रॅम बिस्मथ सबनायट्रेट, 10 मिली ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ निर्जल) ॲसिटिक ॲसिड, 40 मिली पाणी. वेगळ्या भांड्यात 20 मिली पाण्यात 8 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. दोन्ही सम प्रमाणात मिसळून गडद बाटलीत ठेवा. वापरताना 1 मिलीला 2 मिली ॲसिटिक ॲसिड आणि 10 मिली पाणी. फवारणी फ्यूमहूडमध्येच (वाफा बाहेर खेचणारं प्रयोगशाळेतलं कपाट).

पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत सिलिका ओली होते. प्लेट 110 अंशांवर अर्धा तास तापवून लगेच वापरा. ठिपके फिके पडायच्या आत फोटो काढा.