प्रतापनगरचा मॅचवाला कॅफे : वडीला पाच स्टार, प्रोजेक्टरला दोन, आमच्या टीमचं विचारू नका

आधीच सांगून ठेवतो, नाव टाकणार नाही. कॅफेवाल्या काकांनी हात जोडलेत की बाबा नेटवर नाव नको टाकू, शेजारचे आजोबा आधीच वैतागलेत, त्यात आणखी पन्नास पोट्टे आले तर शटर कायमचं खाली करावं लागेल. तर पत्ता एवढाच की प्रतापनगर चौकातून आत वळायचं आणि ज्या घरासमोर रात्री साडेबाराला वीस गाड्या उभ्या दिसतील ते घर.

खाली गॅरेज होतं, त्याचा कॅफे केला. दिवसा कॉलेजची पोरं येतात, कोल्ड कॉफी, मॅगी, चीज सँडविच, जे नागपुरात प्रत्येक गल्लीत मिळतं तेच, त्याबद्दल लिहायला काही नाही. मी रात्रीचा रिव्ह्यू लिहून राहिलो, मॅचचा. आम्ही युनायटेडवाले, म्हणजे इंग्लंडचा फुटबॉल क्लब मँचेस्टर युनायटेड, हसून घ्या आधी, मग पुढे वाचा. २०२४-२५ चा अख्खा सीझन आम्ही दहा-बारा जणांनी या गॅरेजमध्ये काढला. तिकडच्या प्रीमियर लीगमध्ये ३८ पैकी १८ मॅच हरलो, ४२ पॉइंट, पंधरावा नंबर. १९७४ मध्ये टीम खालच्या डिव्हिजनला गेली होती त्यानंतरचा सगळ्यात खालचा नंबर. एवढं पाहूनही माणूस त्याच जागी परत परत जात असेल तर त्या जागेत काहीतरी असणारच ना बे.

ते काहीतरी म्हणजे काकूंची सांबारवडी. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीवालं सांबार नाही, पुण्याचा एक मित्र वाटी घेऊन बसला होता. बाहेरून बेसनाचं पातळ आवरण, आत सांबार, सुकं खोबरं, खसखस, आतल्या बाजूने चिंचेचा आंबट-तिखट हात फिरवलेला, आणि सोबत कढी. काकू आधी तळून ठेवत नाहीत, हाफटाइमला पाच मिनिटं राहिली की कढई चढते, शिट्टी वाजली की प्लेट समोर. हिवाळ्यात सांबार स्वस्त असतो तेव्हा कोणीही भरभरून वडी करेल, पण एप्रिल-मेमध्ये जुडीचा भाव ऐकून घाम फुटतो तेव्हाही यांच्या वडीत सारण तेवढंच. मी मुद्दाम मोडून पाहायचो. तेवढंच! चहा ठीक, थोडा गोड जास्त. तर्री पोहे रात्री नका मागू, सकाळच्यासाठी केलेली तर्री असते, ती रात्री दोनला पोटात जागते.

आता प्रोजेक्टर. तो काकांनी हप्त्यावर घेतला आणि स्वस्तातला घेतला हे दिसतं. लाल रंग नारिंगी दिसतो, म्हणजे आमची टीम नेदरलँड वाटते. वायफाय ऐन कॉर्नरला गोल गोल फिरतं, आणि फोनवर स्कोअर पाहणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, तो आधीच ओरडतो आणि गोलची मजा जाते. शिवाय लीग एका अ‍ॅपवर, युरोपा लीग, म्हणजे युरोपभरच्या क्लबांची दोन नंबरची स्पर्धा, दुसऱ्या अ‍ॅपवर, काकांना दोन्ही सबस्क्रिप्शन भरावी लागतात, त्यामुळे माणशी शंभर-एकशेवीस रुपये घेतात त्याचं मला काही वाटत नाही, त्यात एक चहा येतो. उन्हाळ्यात मोठा प्रश्न कूलरचा. तो लावला की कॉमेंट्री ऐकू येत नाही आणि बंद केला की आपण वडीसारखे तळतो. दर मॅचला हात वर करून मतदान व्हायचं. बहुमत नेहमी कूलरला.

पैशांचं निघालंच तर ही गोष्ट सांगतो. जानेवारीत काकांना शंभराचे एकशेवीस करायचे होते. मॅचच्या आधी स्क्रीनसमोर उभे राहिले, वीजबिल आणि नेटचं बिल दोन्ही हातात, म्हणाले पोरांनो असं असं आहे, नोकरीवाल्यांनी एकशेवीस द्या, शिकणाऱ्यांनी शंभरच, पटत नसेल तर सांगा. कोणी काय बोलणार? आता त्याच हिवाळ्यात आमच्या क्लबने काय केलं ते पाहा. सीझन सुरू असताना मध्येच उरलेल्या मॅचची मेंबरांची तिकिटं सरसकट ६६ पाउंड केली, म्हणजे आपले सात हजाराच्या वर, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं कोणालाच सूट नाही. आधी मोठ्यांना ४० पासून आणि पोरांना २५ पाउंडापासून मिळायचं. स्टाफमधले अडीचशेएक लोक आधीच काढले होते, मग आणखी दोनशेपर्यंत काढू म्हणाले, स्टाफचं फुकटचं जेवणही बंद केलं. हे ऐकून काकू आतून म्हणाल्या, "अगं बाई, जेवणावर काऊन हात मारला?" त्यांना फुटबॉल कळत नाही पण हे बरोबर कळलं.

काकांनाही फुटबॉल कळत नाही बरं का. त्यांचा जीव क्रिकेटमध्ये, जामठ्याच्या स्टेडियमला टेस्ट असली की कॅफे बंद. पण तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत त्यांनी, रिटायर झाले तरी बिल दिसलं की चष्मा खाली येतो. आमचा सीझन त्यांनी गोलवर नाही पाहिला, गल्ल्यावर पाहिला. एक वही आहे, तारीख, कोणाविरुद्ध, किती माणसं, किती वड्या, बाजूला जिंकले का हरले. त्यातून त्यांनी शोध लावला की हरलो तर चहा जास्त जातो आणि जिंकलो तर वड्या.

सगळ्यात मोठं पान १७ एप्रिलचं. गुरुवारची रात्र, साडेबाराची मॅच, युरोपा लीगची, फ्रान्सच्या ल्यों क्लबविरुद्ध. दोन मॅचची बेरीज धरतात, पहिल्या मॅचला २-२ झालं होतं. इथे २-० पुढे, मग ७१ आणि ७७ व्या मिनिटाला दोन खाल्ले, त्यांचा एक जण लाल कार्ड घेऊन बाहेर गेला तरी एक्स्ट्रा टाइममध्ये त्या दहा जणांनी आम्हाला २-४ केलं. तिघं उठले, गाड्या काढल्या, म्हणाले सकाळी ऑफिस आहे. मग ११४ ला आमच्या ब्रूनोची पेनल्टी, १२० ला मेनू नावाच्या पोराचा गोल, १२१ ला मॅग्वायर डोक्याने. ५-४. मला आठवते ती फक्त खुर्ची मोडल्याचा आवाज आणि समोरच्या घरातला लाइट. ते तिघं प्रतापनगर चौकात पोहोचले होते, त्यांचं म्हणणं आरडाओरडा तिथपर्यंत आला. परत आले तर काकू शटरपाशी उभ्या, म्हणतात, "या, पण हळू." आजोबांची तक्रार त्या रात्रीचीच आहे, आणि खरं सांगू, त्यांचं बरोबर होतं.

युरोपात फायनलपर्यंत एकही मॅच हरलो नव्हतो आणि घरच्या लीगमध्ये कोणीही येऊन मारून जायचं, हे गणित आजवर कोणाला सुटलं नाही. कामठीचा एक पोट्टा येतो आमच्यात, स्वतः खेळतो, तो म्हणायचा तुम्ही टीव्हीवाले आहात, तुम्हाला दुःख विकत घ्यायची सवय झाली. बाहेरच्यांना वाटतं नागपूर म्हणजे फक्त क्रिकेट, पण कामठीत फुटबॉल पिढ्यान्पिढ्यांचा आहे, आणि विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर इथेच सुरू केलं. त्यामुळे त्याने टोमणा मारला की आम्ही गप्प बसतो.

युरोपा लीगची फायनल २१ मेची, आपल्याकडे तारीख बदललेली. स्पेनच्या बिलबाओला, इंग्लंडच्याच टॉटनहॅमविरुद्ध. आम्ही लीगमध्ये तेव्हा सोळावे, ते सतरावे, आणि या दोघांपैकी जो जिंकेल तो चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, जाणार. इंग्लंडचे पेपर लिहीत होते की या एका मॅचवर १०० मिलियन पाउंडापर्यंत पैसा आहे. काकांनी विचारलं, "आणि हरलात तर?" तर काही नाही. पुढच्या वर्षी युरोपच नाही. ते गंभीर झाले. आम्हाला वाटलं आमच्यासाठी झाले.

त्या रात्री काकूंनी ऐंशी वड्यांचं सामान काढलं होतं, जिंकलो तर फुकट. ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनने कसाबसा बॉल आत ढकलला, आमचाच माणूस लागून गेला म्हणा. दुसऱ्या हाफमध्ये होयलुंडने डोक्याने टाकलेला बॉल रिकाम्या गोलमध्ये जाणार तर त्यांच्या व्हॅन द व्हेनने लाइनवरून हवेत उडून पायाने काढला, आणि तिथेच संपलं आमचं. एका सीझनमध्ये टॉटनहॅमकडून चौथ्यांदा हरलो. कोणी उठेना. काकू वड्या घेऊन आल्या, म्हणाल्या सांबार चिरलेला आहे, उद्यापर्यंत काळा पडेल, खाऊन घ्या. ऐंशीच्या ऐंशी संपल्या. पैसे घेतले नाहीत.

मग सप्टेंबरमध्ये क्लबचा ताळेबंद आला आणि तो वाचला काकांनी. २० सप्टेंबरला चेल्सीची मॅच रात्री दहाला होती, आम्ही साडेनऊलाच जाऊन बसलो, एकाने फोनवर आकडे काढून दिले. कमाई ६६६.५ मिलियन पाउंड, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात जास्त. तोटा ३३ मिलियन, म्हणजे चारशे कोटींच्या जवळपास. आधीच्या वर्षी तोटा ११३.२ होता. सलग सहावं वर्ष तोट्याचं. काका म्हणाले, "विक्रमी कमाई करून तोटा? मग पैसा खातंय कोण?"

एकेक सांगत गेलो. कोच टेन हागचा करार जुलैमध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढला, तो आणि त्याची माणसं मिळून १०.४ मिलियन गेले. एक स्पोर्टिंग डायरेक्टर मोठ्या थाटात आणला, पाच महिन्यांत तोही गेला, ४.१ मिलियन. काका म्हणाले आमच्या ऑफिसात अशी नोटशीट कोणी टाकली असती तर ऑडिटवाल्याने कॉलर धरली असती. खेळाडूंचा खर्च त्यांना लगेच कळला, कारण प्रोजेक्टरसारखंच आहे ते, पाच वर्षांच्या करारावर आणला तर किंमत पाच वर्षांत वाटून लिहायची, आणि मध्येच बिघडला तर उरलेली रक्कम डोक्यावर. आम्ही अँटनीचं नाव सांगितलं, ९५ मिलियन युरोला आणला आणि २०२५ मध्ये पंचवीसपर्यंत सोडला. काकांनी प्रोजेक्टरकडे पाहिलं. उलट घरच्या अकॅडमीतला पोरगा विकला की पुस्तकात जवळजवळ सगळाच नफा, गच्चीवरच्या कुंडीतला सांबार विकल्यासारखं. म्हणून तर गार्नाचो ४० मिलियनला चेल्सीला गेला, आणि त्याच्या आधी मॅकटॉमिने नापोलीला गेला, तिथे लीग जिंकून इटलीतला सीझनचा बेस्ट प्लेयर झाला. हे सांगताना आमच्यातल्या एकाचा आवाज बसला.

पण काका अडकले ते कर्जावर. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने ७९० मिलियन पाउंडाला क्लब घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबच्याच नावावर टाकलं. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. त्या ताळेबंदातही ६५० मिलियन डॉलरचं मोठं कर्ज होतंच. काकांनी दोनदा विचारलं. "म्हणजे घर घेणाऱ्याने कर्ज काढलं आणि हप्ता घरच भरून राहिलं?" हो. "वीस वर्षं?" हो काका. त्यांनी वही बंद केली आणि काकूंना हाक मारली की यांना चहा दे, पैसे नको घेऊ. आम्ही त्या रात्री २-१ ने जिंकलो तरी काका आमच्याकडे दवाखान्यात पेशंट पाहावा तसेच पाहून राहिले होते.

आता खरं दुखणं. गेल्या सीझनला युरोपाच्या पंधरा रात्री होत्या, हिवाळ्यात रात्री दीडला मॅच सुरू झाली तरी सात-आठ जण ब्लँकेट घेऊन यायचे. यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, शून्य. वरून ऑगस्टमध्ये लीग कपमध्ये ग्रिम्सबीने, चौथ्या डिव्हिजनची टीम आहे ती, पेनल्टीवर १२-११ ने काढून टाकलं, म्हणजे आठवड्याच्या मधलं उरलंसुरलं तेही गेलं. क्लबला चॅम्पियन्स लीग नाही म्हणून जर्सीच्या कंपनीकडूनही वर्षाला १० मिलियन कमी मिळणार, पण ते सोसतील, कुन्हा, एम्ब्यूमो, शेश्को या नव्या खेळाडूंवर दोनशेच्या आसपास मिलियन टाकलेच त्यांनी. काकांना कोण देणार? प्रोजेक्टरचे सात हप्ते बाकी आहेत. वहीत एका पानावर पंधरा तारखा लिहून त्यावर एकच रेघ मारलेली मी स्वतः पाहिली.

म्हणून रेटिंग देताना माझा हात थोडा सैल आहे हे मान्य. जागा लहान आहे, टॉयलेट घरातलं, चप्पल काढून जावं लागतं, डास आहेत, शनिवारी साडेसातच्या मॅचला उशिरा आलात तर खांबामागची खुर्ची मिळेल आणि अर्धा गोलपोस्ट दिसेल. कॅश ठेवा, काकांना ऑनलाइन चालतं पण मेसेज येईपर्यंत सोडत नाहीत. दहाच्या वर माणसं असाल तर वड्या आदल्या दिवशी सांगून ठेवा. आर्सेनल आणि लिव्हरपूलवाले चालतात, एक लिव्हरपूलवाला तर गेल्या वर्षी लीग जिंकूनही आमच्या कोपऱ्यात गुपचूप बसायचा, पोरगा सभ्य आहे.

आणि एक काम आहे. मागच्या रविवारी काकांनी मला बाजूला घेतलं, म्हणाले त्या रात्री जी टीम जिंकली ती यंदा मंगळवार-बुधवार खेळते ना? हो म्हटलं, टॉटनहॅम, चॅम्पियन्स लीग. तर म्हणाले, "मग त्यांचे पोट्टे आहेत का नागपुरात कोणी? आठ-दहा जरी भेटले तरी माझा हप्ता निघतो." मी खूप आठवलं, एकही डोळ्यासमोर येईना. तर असाल कोणी तर मेसेज करा, पत्ता मी देतो, आजोबांचं काका पाहून घेतील म्हणाले.