किट कारचा क्लास लावताय? माझे १,०२,७०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

लिमिटेड सीट्स, अर्ली बर्ड, ग्रुपवर आधीच्या बॅचचा म्हणून कुणीतरी "सर ग्रेट आहेत" लिहिणार, हे सगळं तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. आकडे सांगतो. किट कार म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी, ती बनवायला शिकवणाऱ्या क्लासची फी ३८,५००, वेल्डिंग हेल्मेट आणि ग्लोव्ह्जचं डिपॉझिट ४,२००, आणि लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीच्या किटचं बुकिंग ६०,०००. आठ रविवारांचा कोर्स होता, तिसऱ्या रविवारनंतर शेडला कुलूप आणि फोन बंद.

डोकं फिरतं ते पहिल्या प्रॅक्टिकलच्या आठवणीने. मिग वेल्डिंगचं, म्हणजे तारेने जोड भरायचं मशीन होतं, वायर साधी सॉलिड होती, आणि गॅसचा सिलिंडरच नव्हता. सॉलिड वायरला वरून गॅसचं कव्हर लागतंच, नाहीतर जोडात भोकं पडतात, गॅसशिवाय करायचं तर फ्लक्स कोअर, म्हणजे आत पावडर भरलेली वायर लागते, एवढं मलाही माहीत होतं. जोड समोर जाळीसारखा दिसत होता. मी विचारलं, तर "गॅस संपलाय, प्रॅक्टिसला चालतं." दहा-बारा जणांसमोर सर एवढ्या ठामपणे बोलले की कुणीच पुढे विचारलं नाही. अरे, चासीचा म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा जोड आहे तो, त्याच्यावर माणूस बसणार! उठून तिथेच पैसे परत मागायला हवे होते, पण ३८,५०० आधीच भरलेले असताना कोण उठतं ते सांगा. आणि मी काही नवखा नाही, इंजिन खोलून बसवलंय, ब्रेक ब्लीड करता येतात, म्हणून तर पुढचं शिकायला गेलो होतो.

किटचे पैसे शिकवणाऱ्याच्या हातात कधीच देऊ नका. कधीच!

रजिस्ट्रेशनचं विचारल्यावर त्यांनी आयव्हीएचा फॉर्म दाखवला, म्हणे आरटीओत हाच चालतो. आयव्हीए ही ब्रिटनमधली टेस्ट, तिथे एकेका गाडीची तपासणी होते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे प्रोटोटाइप, म्हणजे नमुना गाडी, एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत पास करावा लागतो, आणि जुन्या गाडीच्या आरसीवर नवी बॉडी चढवायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर बदल चालणार नाही असंच सांगितलंय. मग "रोड लीगल किट" हे शब्द पावतीवर छापायची हिंमत होते कशी?

पावतीवर नाव प्रायव्हेट लिमिटेड. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, एकदम खरा वाटणारा. त्यात तिसऱ्या अक्षरापासून पॅन असतो, आणि पॅनचं चौथं अक्षर कंपनीचं असेल तर सी, एकट्या माणसाचं असेल तर पी. इथे पी होता. यूपीआयवरही माणसाचंच नाव येत होतं. पण वेल्डिंग शिकायला आलेला माणूस पॅनची अक्षरं मोजत बसतो का? तुम्ही मात्र मोजा, जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

आता पोलीस. ठाण्यात साहेबांनी पावती बघितली आणि म्हणाले, "क्लास झाला ना थोडा? मग हा दिवाणी वाद आहे." अहो, किट कुठेच नव्हतं, ६०,००० कशाचे घेतले? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं तर "कायदा आम्हाला शिकवू नका." मग सायबरकडे जा, सायबरवाले म्हणे समोर भेटून व्यवहार झालाय तर ठाण्यातच जा, आणि ठाण्यात ते साहेब बंदोबस्ताला. अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडत नाही! पैसे आम्ही घालवायचे, वर पुरावा आम्हीच गोळा करायचा आणि वरून "एवढे पैसे दिलेच कशाला" हेही आम्हीच ऐकायचं, मग फसवणारा घाबरेल कशाला?

एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपींना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, मी पाठवलीये. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन, वाट बघू नका. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं.

कुणी ग्रुप डिलीट करायला सांगितलं तर करू नका, आधी चॅट एक्स्पोर्ट करा. आमच्या बॅचमधल्या दोघांनी केला आणि आता त्यांच्याकडे कागदच नाही. बाकीचे आम्ही आयोगाच्या परवानगीने ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली एकत्र तक्रार टाकतोय. याच क्लासची पावती ज्याच्याकडे असेल त्याने ती जपून ठेवा आणि आमच्यात या.