नंबर काढणं आणि डोळे तपासणं: कोणाकडे कधी जावं?

माझ्या काकांनी तीन वर्षांत दोनदा चष्मा बदलला, दोन्ही वेळा दुकानातूनच. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी खडाखडा वाचली, तेव्हा डोळे ठणठणीत आहेत असं आम्ही धरून चाललो. मग चालताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटू लागला. नेत्रतज्ज्ञांनी काचबिंदूचं निदान केलं. त्यात बहुधा आधी कडेची नजर जाते, समोरचं अक्षर बराच काळ स्वच्छ दिसतं, आणि गेलेली नजर परत येत नाही.

चष्म्याच्या दुकानातला ऑप्टिशियन चिठ्ठीवरचा नंबर काचेत उतरवतो. हे काम हलकं मुळीच नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर चुकलं, तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं. पण डोळ्याच्या आत काय चाललंय, हे पाहणं त्याचं काम नव्हे.

ऑप्टोमेट्रिस्टची पदवी काही वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. जड ट्रायल फ्रेम नाकावर ठेवून, भिंग फिरवत ‘आता बरं दिसतंय की आधी?’ असं शांतपणे विचारून ते मशिनने काढलेला नंबर पक्का करतात. कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात, आजाराची शंका आली तर पुढे पाठवतात. शस्त्रक्रिया करत नाहीत. तिशीतला निरोगी माणूस असेल आणि फक्त नंबर बदलल्यासारखा वाटत असेल, तर माझ्या मते चांगला ऑप्टोमेट्रिस्ट पुरे. मात्र दुकानात नंबर काढणारा प्रत्येक जण ऑप्टोमेट्रिस्ट असतोच असं नाही. शिक्षण काय झालंय, हे सरळ विचारा. त्यात संकोच कसला?

नेत्रतज्ज्ञ म्हणजे साडेपाच वर्षांचं एमबीबीएस करून पुढे डोळ्यांचंच शिक्षण घेतलेले डॉक्टर. एमएस असेल तर आणखी 3 वर्षं. औषध, लेझर, शस्त्रक्रिया त्यांच्याकडे. मधुमेह असेल तर दरवर्षी, घरात कोणाला काचबिंदू असेल तर, आणि चाळिशी लागल्यावर एकदा तरी थेट त्यांच्याकडेच जा. मुलाचा पहिला चष्माही तिथेच ठरवा, कारण मुलांचे डोळे इतका जोर लावतात की डोळे सैल करणारे थेंब घातल्याशिवाय खरा नंबर कळत नाही. अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा नजरेवर पडदा आला, तर त्याच दिवशी गाठा. डोळ्यात चुना किंवा ॲसिड उडालं, तर आधी भरपूर पाण्याने धुवा, मग धावा.

गावाकडे ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी भेटतात. ते नंबर काढतात आणि मोतीबिंदूचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवतात.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना जुना चष्मा आणि साखरेचा रिपोर्ट न्या. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधुक दिसतं, ऊन डोळ्यांत खुपतं. म्हणून स्कूटर घरी ठेवा आणि कोणाला तरी सोबत घ्या.