फ्लटरवर गोळ्या, शॉक की अ‍ॅब्लेशन?

नाडी मिनिटाला १५०च्या आसपास जाऊन तिथेच अडली आणि आडवं पडून राहिलं तरी उतरेना, तर ईसीजीत बऱ्याचदा करवतीच्या दात्यांसारख्या लाटा सापडतात. हा अ‍ॅट्रियल फ्लटर. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात विजेचा संदेश ट्रायकस्पिड झडपेभोवती मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्या मारतो आणि दर दुसरी फेरी खालच्या कप्प्यांपर्यंत पोचते. नेहमीच्या प्रकारात ही वाट झडप आणि खालची महाशीर यांच्यामधल्या अरुंद पट्टीतूनच जाते. कुठला उपचार घ्यायचा, हे ठरवताना ही पट्टी लक्षात ठेवा.

छातीवर विजेचा शॉक सर्वांत झटपट. थोडी गुंगी देतात, क्षणात ठोके ताळ्यावर येतात. रक्तदाब कोसळत असेल तर दुसरा विचारही करू नये. पण वाट तशीच उघडी राहते, त्यामुळे फ्लटर पुन्हा येऊ शकतो. शिवाय तातडी नसेल तर रक्त पातळ करणारी गोळी आधी कमीत कमी तीन आठवडे झालेली हवी, किंवा अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून हृदयात गुठळी नाही ना, हे बघावं लागतं. नंतरही ती गोळी किमान चार आठवडे चालू राहते.

गोळ्यांनी सुरुवात करणं सोपं वाटतं. मात्र फ्लटरचा वेग बीटा ब्लॉकरला, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या गोळीला, सहजी दाद देत नाही. ठोक्यांची लय ताळ्यावर ठेवणारं अमिओडेरॉन प्रभावी आहे, पण थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावं लागतं. लयीसाठीचंच दुसरं औषध, फ्लेकेनाइड, एकटं दिलं तर वरच्या फेऱ्या मंदावतात आणि मग प्रत्येक फेरी खाली उतरू शकते. नाडी आणखी पळते. म्हणून सोबत वेग रोखणारी गोळी लागतेच.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत नेऊन त्या पट्टीवर उष्णतेने रेघ ओढतात आणि विजेची वाट दोन्ही दिशांनी बंद झाली, हे तिथेच तपासतात. छाती उघडावी लागत नाही. नेहमीच्या फ्लटरमध्ये दहातल्या नऊहून अधिक जणांना याचा उपयोग होतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, फ्लटर पहिल्यांदा आल्यावरच अ‍ॅब्लेशन केलेल्यांपैकी ३.८ टक्क्यांना फ्लटर परतला, अमिओडेरॉनवाल्यांपैकी २९.५ टक्क्यांना. रुग्ण वयस्कर होते, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. ‘या वयात कशाला’ म्हणून घरचे मागे हटतात, तेव्हा हे आकडे त्यांच्यासमोर ठेवावेत.

धोके आहेत. जांघेत रक्त साकळणं त्यातल्या त्यात नेहमीचं. हृदयाभोवती रक्त साचणं किंवा पेसमेकर लागणं क्वचित. खर्चही एकदम अंगावर येतो.

माझं मत स्पष्ट आहे: फ्लटर नेहमीच्या प्रकारचा असेल आणि पुन्हा पुन्हा येत असेल, तर वर्षानुवर्षं अमिओडेरॉन घेण्यापेक्षा अ‍ॅब्लेशन बरं. वेगामुळे हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल तर लांबणीवर टाकूच नये. न्यूमोनियात किंवा ऑपरेशननंतर एकदाच आला असेल, तर मूळ कारण बरं होईपर्यंत थांबता येतं. पूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वाट जुन्या व्रणाभोवतून जात असू शकते. मग थ्रीडी मॅपिंग, म्हणजे विजेच्या वाटेचा संगणकावर त्रिमितीय नकाशा, लागतं आणि यशाची खात्रीही कमी होते.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्या: रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय? फ्लटर गेला तरी पुढच्या काही वर्षांत बऱ्याच जणांना अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, होतं. त्यामुळे ती गोळी थांबवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि आधीचा पक्षाघात बघून ठरतं. अ‍ॅब्लेशन झालं म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.