आयकिडो: नुसत्या हातांचा, की लाकडी तलवार-काठीसकट?

आयकिडो ही जपानी युद्धकला शिकायचं मनात पक्कं झालं की खरा प्रश्न डोजोचा, म्हणजे तालमीच्या जागेचा येतो. एका ठिकाणी पहिल्या महिन्यातच हातात बोक्केन, म्हणजे लाकडी तलवार देतात. दुसरीकडे सांगतात, शस्त्रांचं पुढे बघू. दोन्हीकडे शिकवतात तो आयकिडोच, मग हा फरक आला कुठून?

आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबांनी १९३१ साली टोकियोत डोजो उभा केला आणि १९४२ मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या इवामा गावी शेती करायला गेले. टोकियोचा कारभार मुलाकडे, किशोमारूंकडे राहिला. इवामाला १९४६ साली अठरा वर्षांचा मोरिहिरो साइतो उएशिबांकडे शिकायला आला. त्याची नोकरी रेल्वेत, चोवीस तास ड्यूटी आणि चोवीस तास सुटी. सुटीचे दिवस शेतावर आणि डोजोत, गुरूच्या पायाशी जात. तलवार आणि जो (साधारण १२८ सेंटीमीटरची काठी) तो तिथेच शिकला आणि पुढे त्याने ते सगळं क्रमवार लावलं: तलवारीचे ७ सुबुरी म्हणजे एकट्याने मारायचे वार, काठीचे २०, एकतीस हालचालींचा काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचा सराव), शिवाय जोडीचे सराव. म्हणून इवामाच्या परंपरेत शस्त्रं अगदी सुरुवातीपासून येतात, तर टोकियोच्या मुख्य डोजोच्या रोजच्या वर्गांत भर हातांच्या तंत्रांवर असतो.

गादीवर हा फरक पहिल्याच तासाला कळतो. टोकियो वळणाच्या वर्गात समोरच्याने धरायच्या आतच तुम्ही हललेले असता, मोठी गोल वळणं, पडणं, उठणं, पुन्हा पडणं. तासाभरात अंग घामाने निथळतं आणि पडायची भीती लवकर जाते. इवामा वळणात जोडीदार मनगट घट्ट आवळतो आणि तुम्हाला जागच्या जागी उभं राहून सुटायचं असतं. सुरुवातीला हे फार अवघड आणि संथ वाटतं. ज्याला नुसतं बसून बसून आखडलेलं शरीर मोकळं करायचं आहे, त्याने पहिला पर्याय घ्यावा, मला त्यात शंका नाही.

पण शस्त्रांची बाजू मी जास्त जोरात मांडणार आहे. शिहोनागे या तंत्रात समोरच्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून, हात वर नेत त्याखालून वळायचं असतं. माझी कोपरं कित्येक महिने बाहेर फाकायची. सेन्सेई, म्हणजे आमचे शिक्षक, रोज सांगायचे, मी रोज मान डोलवायचो. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात बोक्केन दिली आणि म्हणाले, उचला आणि कापा. तलवार सरळ वर गेली, सरळ खाली आली, कोपरं आपोआप आत. मग तेच हात मनगटावर ठेवून वळलो आणि जोडीदार खाली बसला. आयकिडोतली मनगटाची पकड नि डोक्यावरचा वार ही तलवारीच्या काळातली भाषा आहे, हे मला त्या दिवशी अंगाने समजलं.

दुसरी गोष्ट अंतराची. रिकाम्या हाताचा वार येताना तुमचं पाऊल चार बोटं चुकलं तरी जोडीदार सांभाळून घेतो. बोक्केनचं टोक कपाळापुढे येऊन थांबतं तेव्हा ती चार बोटं डोळ्यांना दिसतात.

तिसरी गोष्ट निव्वळ व्यवहाराची आहे आणि निर्णय बहुतेकदा इथेच होतो. आठवड्याला दोनच वर्ग जमत असतील तर हातांची तंत्रं घरी एकट्याने करता येत नाहीत, सुबुरी करता येतात. गच्चीवर मात्र, घरात नको: बोक्केन सुमारे १०२ सेंटीमीटरची असते, डोक्यावर नेली की थेट पंख्याला लागते.

तोटेही आहेत. अंगठ्यावर आणि बोटांच्या पेरांवर मार बसतो. वर्गाचा वेळ वाटला जातो, त्यामुळे पडण्याचा सराव कमी होतो. गुडघे दुखत असतील तर दोन्हीकडे वज्रासनातलं बसणं आणि गुडघ्यांवरची तंत्रं असतात, ते आधीच सांगून टाका. लाठी किंवा मर्दानी खेळ खेळलेल्यांनी एवढं धरून चालावं की लाठी फिरते, तर जो बराचसा भोसकण्यासाठी असतो आणि हात त्यावरून सतत घसरत राहतात. जुनी सवय मोडायला वेळ लागतो.

डानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणीची, नोंद कुठे होते हेही विचारा. साइतोंचं २००२ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या मुलाने २००४ साली वेगळी संघटना काढली, तर इवामा वळणाचे कित्येक शिक्षक आयकिकाईत, म्हणजे टोकियोच्या मुख्य डोजोच्या संघटनेतच राहिले. बदलीची नोकरी असेल तर दुसऱ्या शहरात गेल्यावर हा मुद्दा आडवा येऊ शकतो.

शस्त्रांच्या डोजोत एक वर्ग नुसता बघायला जा आणि दहा मिनिटं लवकर पोचा. चांगल्या ठिकाणी वर्गाआधी प्रत्येक जण आपली बोक्केन उजेडात धरून तिच्यावरून हळूच तळवा फिरवतो, कुठे कूस निघाली आहे का, चीर गेली आहे का ते पाहतो. कूस घासून काढतात, जवसाचं तेल लावतात. चीर गेलेली तलवार कितीही आवडती असली तरी बाजूला ठेवतात, कारण तिचा तुटलेला तुकडा जोडीदाराच्या डोळ्यात जाऊ शकतो. हे तिथे कुणी करत नसेल, तर तो डोजो घराच्या कितीही जवळ असो, दुसरा शोधा.