विंचेस्टर मॉडेल ७० आणि लायमन अलास्कन: एका हंगामानंतरचा अनुभव

उन्हाळ्यापासून हीच जोडी वापरतोय. महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतली विंचेस्टर मॉडेल ७०, .२७० विंचेस्टर काडतुसाची. तिच्यावर लायमन अलास्कन, अडीच पॉवरची (म्हणजे चित्र अडीच पट मोठं दाखवणारी) दुर्बीण, रेडफील्ड ज्युनियर माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीत. आधी रेंजवर आणि मग पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, हरणांच्या हंगामात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच उरला नाही, त्यामुळे हा अनुभव मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या उपयोगाचा.

जुन्या रायफलवर त्याच काळातली दुर्बीण का लावायची? माझं उत्तर: ती रायफल खांद्याला नीट बसते म्हणून. देखणेपण नंतर. मॉडेल ७० बाजारात आली १९३६-३७ च्या सुमारास. तेव्हा बहुतेक शिकारी दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या साध्या माशीवरच (नेम धरायच्या खुणेवर) नेम धरत, म्हणून दस्त्याचा गाल टेकण्याचा भाग खाली ठेवलेला. अलास्कनची नळी ७/८ इंचाची, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, आणि पुढचं तोंड फुगीर नाही. त्यामुळे ती रिसीव्हरला, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या पोलादी सांगाड्याला, जवळजवळ चिकटून बसते. गाल लाकडाला टेकला की डोळा आपोआप भिंगाच्या मध्यावर येतो. याच रायफलवर ५० मिलिमीटर तोंडाची आजची झूम दुर्बीण उंच रिंगांत लावून पाहिली. गाल अधांतरी राहिला, दर वेळी मान उचलून चित्र शोधावं लागलं. झाडीतून हरीण दोन झाडांच्या फटीत क्षणभर दिसतं, तेव्हा एवढा वेळ नसतो.

रायफलीनेही दुर्बिणीसाठी स्वतःत बदल केले, ही मला फार आवडणारी गोष्ट. सुरुवातीच्या मॉडेल ७० ची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्याच्या, वरून फिरायची, खाली बसवलेल्या दुर्बिणीला ती अडायची. पुढे विंचेस्टरने ती बाजूने फिरणारी केली. युद्धापूर्वीच्या बऱ्याच रायफलींच्या रिसीव्हरवर मागच्या बाजूला माउंटसाठी भोकंच नसत, मग गावोगावच्या गनस्मिथांनी (बंदूक कारागिरांनी) ती पाडली. आज संग्राहक पहिली नजर तिथेच टाकतात. नंतर पाडलेलं एक भोक किमतीत मोठी घट करतं. माझ्यासारख्याला जंगलात न्यायची असेल तर युद्धानंतरची, कारखान्यातूनच भोकं असलेली रायफल घ्यावी, आणि भोकं नसलेली अस्सल रायफल आहे तशी राहू द्यावी. तिच्यावर ड्रिल चालवू नका, कळकळीने सांगतो.

उजेडाबद्दल. एवढीशी नळी अंधारात काय दाखवणार, असं सगळेच म्हणतात. पण पुढच्या भिंगाचा व्यास पॉवरने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. इथे ती सात-आठ मिलिमीटर येते. अंधारात बाहुली जेमतेम तेवढीच उघडते, मग झोत मोठा करून उपयोग नाही. ९ पॉवरवर ४० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तोच झोत साडेचारच्या आत असतो. तरीही संध्याकाळी आधुनिक दुर्बीणच जिंकते, कारण तिच्या भिंगांवरचा लेप (कोटिंग) चांगला आणि पॉवर जास्त, शिंगं मोजता येतात. इथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी आहे. अलास्कन लावलेली असेल तर शेवटची दहा मिनिटं मी बंदूक खाली ठेवतो.

पावसात भीती वाटते. जुनी सीलं वाळलेली असतात आणि नायट्रोजन भरून धुकंमुक्त केलेल्या दुर्बिणींचा काळ त्यानंतरचा. घेताना टॉर्च पुढून मारून आत पाहा: भिंगांच्या कडेला इंद्रधनुषी डाग असतील तर भिंगांचा चिकटवलेला जोड सुटतोय. दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

रेडफील्ड ज्युनियरमध्ये पुढची रिंग खाचेत घालून नव्वद अंश फिरवतात, मागची रिंग दोन मोठ्या स्क्रूंच्या मध्ये अडकते. ती रिंग दुर्बिणीनेच फिरवू नका, नळी वाकेल. गोल लाकडी दांडा वापरा. डावं-उजवं आधी मागच्या स्क्रूंनी जुळवून घ्यावं, दुर्बिणीच्या आतली हालचाल शेवटच्या थोडक्या फरकासाठी राखावी. हे जमलं की निशाणा हलत नाही. १३० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीने १०० यार्डांवर नेमाच्या तीन इंच वर लागेल अशी लावून ठेवली, आणि इथल्या दाट झाडीत यापलीकडे विचार करावा लागला नाही.

काळाला साजेसं आणि खिशाला झेपणारं हवं असेल तर एल पासोचा वीव्हर के-४ (हीही दुर्बीणच) घ्या. तो १९४७ पासूनचा, एक इंची पोलादी नळीचा, आणि मुबलक मिळतो. सुरुवातीच्या के-४ मध्ये नेम जुळवताना आतली नेमाची फुली चित्राच्या मध्यावरून सरकते. पण तिथेही माउंटचे स्क्रू उपयोगी पडतात. अलास्कनसाठी ७/८ इंची रिंगा शोधणं मात्र खरं कष्टाचं काम, दुर्बीण घेण्याआधी रिंगा हातात आल्या पाहिजेत.

कागदपत्रांचं: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली रायफल अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘क्युरिओ’ (संग्राह्य जुनी शस्त्रं) गटात येते, आणि संग्राहकाचा टाइप ०३ परवाना असेल तर दुसऱ्या राज्यातूनही थेट मागवता येते. एच-१बी वर असाल तर आधी वकिलाशी बोला, व्हिसावरच्या लोकांना बंदुकीबाबत वेगळे नियम आहेत. ग्रीन कार्ड असेल तर वाट बरीच सरळ.